हेल्मेटसक्ती

दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे, असे कायद्याने घातलेले बंधन. मराठीत हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. जोर सगळा ‘सक्ती’वर.

या विचाराचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलवरून संदेश पोहोचवणाऱ्या लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला. तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्याने निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य ब्रिटिश नागरिकाला मात्र हा नियम १९७३ मध्ये लागू झाला.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये ही तरतूद आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यातला दंड हजार रुपये झाला आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद आली.

महाराष्ट्रात हेल्मेटसक्ती म्हटले की पुणे आठवते. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, पेठांत गाडी पळतेच कुठे, आणि गाडी लावल्यावर हे ओझे ठेवायचे कुठे, अशी कारणांची यादी तिथे पाठ आहे. (शेवटचा प्रश्न खरा आहे.) जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई सुरू केली, तेव्हा विरोधकांनी हेल्मेटची प्रतीकात्मक अंत्ययात्राच काढली. त्याआधी २०१६ मध्ये ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही राज्य सरकारची घोषणा झाली होती. पंपचालकांनीच तिला विरोध केला.

हेल्मेटमध्ये खरे काम करतो तो कवचाखालचा थर्माकोलसारखा थर. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातातून गेलेले हेल्मेट, वरून चकचकीत दिसले तरी, टाकून द्यावे लागते. रस्त्याकडेच्या स्वस्त टोप्यांत हा थर बहुधा नावालाच असतो. त्या डोक्यासाठी नव्हे, पावतीसाठी घेतलेल्या असतात.

पट्ट्याचेही तसेच. तो बांधलेला असला पाहिजे, असे कलम १२९ मध्येच म्हटले आहे. प्रत्यक्षात हेल्मेट कोपरात अडकवलेले असते, चौकातला मामा दिसला की डोक्यावर चढते आणि पट्टा हनुवटीखाली लोंबत राहतो. ई-चलनाच्या फोटोत डोके झाकलेले दिसते. बांधलेला नसेल तर पहिल्याच आदळीला हेल्मेट निसटून बाजूला पडते.