पंप गेला, की पंपापर्यंतचा करंट?

पंधरा-वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी घाटकोपरजवळ हायवेवर झटके खात बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात चालू होते. गॅरेजमध्ये यावर बहुतेक वेळा एकच निकाल मिळतो: फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा) गेला, टाकी उतरवावी लागेल. निकाल बरोबर असू शकतो. पण पंप ठणठणीत असून त्याला पुरेसा करंट मिळत नसेल, तरीही गाडी अगदी अशीच वागते.

घोळ एवढ्यावर थांबत नाही. बिघाड करंटचा असला तरी नवा पंप बसवल्यावर गाडी सुधारते. पंप बदलताना कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लास्टिकचा प्लग, ओढून काढला जातो, पुन्हा दाबून बसवला जातो, त्यात पिनांवरचा गंज खरवडला जातो. अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणारा, बोल्ट हाती लागला तर तोही कसला जातो. गाडी पळायला लागते, सगळे खूश. मग काही आठवड्यांनी, विशेषतः पावसाळा लागला की, दुखणं परत येतं आणि “पंप डुप्लिकेट निघाला” असं म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात. म्हणून नवा पंप चालला याचा अर्थ जुना मेला होता, असं मी मानत नाही. जुना पंप जागेवर असतानाच काय ते सिद्ध करून घ्यायला हवं.

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. तिचा पंप इंजिनावरच बसवलेला, पडद्याचा, इंजिन फिरलं की आपोआप हलणारा. कार्बोरेटरला दाब लागायचाही अगदी थोडा. २०००च्या सुमारास मारुती ८००लासुद्धा एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत) आलं आणि पंप टाकीत जाऊन बसला. आता त्याला साधारण ३ बारचा दाब सतत टिकवायचा असतो, आणि तोही बॅटरीपासून फ्युज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), लांबलचक वायर, मागच्या सीटखालचा कपलर आणि बॉडीला लावलेलं अर्थिंग एवढ्या मुक्कामांवरून आलेल्या करंटवर. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत यातला प्रत्येक सांधा हिरवट पडायला टपलेला असतो. ज्या गाडीच्या कार्पेटखाली पावसाचं पाणी मुरलेलं असतं, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको.

पहिली तपासणी कानाची. चावी ‘ऑन’ला नेली, सेल्फ मारला नाही, तर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गूं असा आवाज येऊन थांबायला हवा. आवाज नेहमीपेक्षा चिरका, घासल्यासारखा येत असेल तर पंप आतून झिजलाय किंवा त्याची पेट्रोल गाळणारी जाळी तुंबलीय. आवाज खोल, दमलेला, रडवा येत असेल तर संशय व्होल्टेजवर. उन्हाळ्यात लाइटचं व्होल्टेज उतरलं की सोसायटीचा पाण्याचा पंप जसा घुमतो आणि वरच्या मजल्यावर पाणी चढवत नाही, तसंच हे. आवाजच आला नाही तर दोन्ही शक्यता खुल्या. आणि चावी दिल्यावर आवाज येतो पण सेल्फ मारताना पंप गप्प राहतो, तर इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरकडे बघा. ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळलं नाही तर तो पंप चालूच ठेवत नाही.

आवाज नाही म्हटल्यावर आधी फ्युज. नवा फ्युज लगेच उडाला तर पंप जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासून बॉडीला लागतेय. फ्युज शाबूत असेल तर रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा फॅनचा रिले त्याच जातीचा असतो, तो अदलाबदल करून बघायला पैसा लागत नाही. रिले ‘टिक’ करतो म्हणजे चांगला, हा मात्र गैरसमज. टिक होते ती त्याच्या कॉइलची; आतले काँटॅक्ट जळलेले असले तरी टिक होतेच. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांत डॅशबोर्डखालच्या मेन रिलेचे सोल्डरिंगचे टाके गरमीने तडकायचे: उन्हात उभी गाडी चालू होत नाही, संध्याकाळी गार झाल्यावर होते. ही गोष्ट जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहे, तरी अशा गाड्यांचे पंप अजूनही बदलले जातात.

फियाट पॅलिओ, फोर्ड आयकॉनसारखी गाडी असेल तर आणखी एक जागा बघायची. अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच. सणसणीत खड्ड्यानेही तो उडू शकतो, आणि आपल्याकडे जूननंतर खड्ड्यांना तोटा नाही. वरचं बटण दाबलं की काम झालं. दाबण्याआधी कुठून पेट्रोल गळत नाही ना, एवढं पाहायचं.

पंप गेलाय याची एक गावठी पण बोलकी खूण आहे. एकाने सेल्फ मारायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे. पंप गुरगुरून चालू झाला तर त्याच्या मोटरला करंट पोचवणारे कार्बन किंवा ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर झिजलेत आणि त्याचे दिवस भरलेत. मात्र ठोके देताना कपलरही हलला असेल तर ही खूण बाद. दुसरी खूण सकाळची. रात्रभर उभ्या गाडीला खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, पण चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला तर लगेच चालू होते. याचा अर्थ लाइनमधला दाब रात्रीतून उतरतोय. पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी एक. इथे करंटचा संबंध नाही.

खरा निवाडा मल्टिमीटर करतो, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं. कपलर काढायचा, त्यात प्रोब घालायचे, १२ व्होल्ट दिसले की “करंट येतोय, पंपच गेलाय” असं जाहीर करायचं. पण कपलर काढलेला असताना वायरमधून करंट वाहतच नसतो. दहा तारांपैकी एकच शाबूत असली, पिन हिरवी पडलेली असली, तरी मीटर १२ दाखवणारच. मोजायचं ते कपलर जोडलेला असताना, पंप चालू असताना, वायरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवून. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४च्या आसपास व्होल्ट आहेत आणि पंपापाशी साडेअकरा, तर मधे कुठेतरी अडीच व्होल्ट खाल्ले जातायत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी पंपाच्या अर्थिंगच्या वायरवर. इथे ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग साफ करा. बोल्ट काढायचा, पत्रा सँडपेपरने घासून चकचकीत करायचा, कसायचा, वर ग्रीस. पंपाच्या किमतीच्या मानाने हा खर्च चहापाण्याचा. उलट, पंपापाशी पूर्ण व्होल्टेज आहे, अर्थिंग स्वच्छ आहे आणि तरी पंप गप्प, तर तो मेला. पंप फिरतोय पण प्रेशर गेज ३ बारच्या बरंच खाली, तर आधी फिल्टर. चढावर, एसी लावून, चार माणसं बसवून गाडी दम टाकते पण सिग्नलला छान उभी राहते, तेव्हा फिल्टर हा पहिला संशयित.

पंपाचा आणि करंटचा, हे दोन बिघाड कधीकधी एकमेकांना जन्मही देतात, म्हणून एकाला पकडून दुसऱ्याला सोडता येत नाही. झिजून जड झालेला पंप जास्त अँपिअर ओढतो, त्या उष्णतेने कपलरची पिन सैल होते, प्लास्टिक करपतं. अशा कपलरला नवा पंप जोडला तर तोही अर्धपोटीच राहणार. कपलर तपकिरी पडलेला दिसला की पंपाबरोबर तोही बदलायचा, त्यावर वाद नको.

आपल्याकडे पंप मरण्याचं मोठं कारण सीएनजी. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळे. सीएनजीवर धावणाऱ्या गाडीत लोक पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवतात. त्यात किट बसवताना पंप बंद करणारा रिले लावला नसेल, तर पंप दिवसभर जवळजवळ कोरडा, उगीचच फिरत राहतो. पाव टाकी पेट्रोल ठेवणं त्यापेक्षा स्वस्त. जुन्या गाड्यांना हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही त्रास आहे. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं आणि ती जाळीत जाते. शिवाय ते पाणी शोषतं, आणि जुनं रबर त्यासाठी बनलेलं नसतं.

बदलायचंच ठरलं तर मुंबईत न्यू क्वीन्स रोड किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्हीकडे पंप मिळतो. नुसती मोटरही मिळते, अख्खं मॉड्युलही, म्हणजे जाळी-पाइपसकट जोडलेला पूर्ण संच. मोटर स्वस्त पडते, पण तिच्यासोबत नवी जाळी घ्या आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा खास पाइप घ्या. साधा फ्युएल पाइप बाहेरून पेट्रोल लागलं की फुगतो, फाटतो. इलेक्ट्रिकचा माल बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, म्हणून मल्टिमीटर आधी आणि बाजार नंतर.

काम करायचं ते उघड्यावर. इमारतीच्या बेसमेंटमध्ये अजिबात नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचून राहते. पंपाचा फ्युज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो, आणि मगच बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. टाकी जेवढी रिकामी तेवढं बरं. पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या. टेस्ट लॅम्प, सिगरेट, मोबाइलचा चार्जर, सगळं लांब. टाकीवरची रिंग लोखंडी छिन्नीने नाही, लाकडाच्या किंवा पितळेच्या तुकड्याने ठोकून फिरवायची. पंप बाहेर काढण्याआधी भोवतालची धूळ ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ती सरळ टाकीत. वरचं रबरी सील नवंच घालायचं.

बसवून झाल्यावर चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करा, सांध्यांना नाक लावून गळती बघा, मग सेल्फ मारा. आणि इंजिन चालू असताना पंपापाशी व्होल्टेज पुन्हा एकदा मोजून सीटखालच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात गाडी झटके खाऊ लागली तर पुढच्या मेकॅनिकला निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.