बाल्टिकचा उंबरठा

७ मार्च २०२४ रोजी स्वीडन नाटोत दाखल झाला आणि ‘बाल्टिक समुद्र आता नाटोचं तळं’ असे मथळे झळकले. नकाशा पाहून ते पटतंही. किनाऱ्यावरच्या नऊ देशांपैकी आठ नाटोत. रशियाकडे उरला फिनलंडच्या आखाताच्या टोकाचा सेंट पीटर्सबर्गचा किनारा आणि पोलंड-लिथुआनियाच्या मधे अडकलेला कालिनिनग्राड. मला मात्र या समुद्राचा तळ जास्त बोलका वाटतो.

बाल्टिकची सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. डेन्मार्कजवळच्या ज्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून तो बाहेरच्या समुद्राला जोडलेला आहे, तिथे तर तळच वर आलेला. डार्स इथला असा उंचवटा, म्हणजे उंबरठा, १८ मीटर खोल, कोपनहेगनजवळचा ड्रॉग्डेन फक्त ७-८ मीटर. आत गोटलंड बेटाजवळचा खळगा मात्र जवळजवळ २५० मीटर खोल आहे.

महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, मध्य बाल्टिकच्या वरच्या थरात ७-८. नद्या एवढं गोडं पाणी ओततात की ते पृष्ठभागावरून सतत बाहेर वाहतं. खारं पाणी जड, ते तळाशी. साधारण ६० ते ८० मीटरवर क्षारता झपाट्याने बदलते. या पट्ट्याला हॅलोक्लाइन म्हणतात. हिवाळ्यातली वादळंही हे दोन थर घुसळू शकत नाहीत. वरून मेलेली शेवाळं पडत राहतात, ती कुजताना खालचा प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. शेतांतून वाहून येणारी खतं शेवाळ वाढवतात, म्हणजे संकटात भरच.

मग खोल पाण्याला प्राणवायू मिळतो कसा? वाऱ्यामुळे. आधी बरेच दिवस पूर्वेचा वारा वाहून बाल्टिकची पातळी खाली जायला हवी, लगेच पश्चिमेच्या जोरदार वाऱ्यांनी आठवडाभर, दोन आठवडे उत्तर समुद्राचं पाणी आत रेटायला हवं. थोडं पाणी उंबरठ्याजवळच मिसळून जातं. भरपूर आलं तरच ते जड पाणी तळ धरून एकेक खळगा ओलांडत पुढे सरकतं. डिसेंबर २०१४ मध्ये हे जुळून आलं. सुमारे १९८ घन किलोमीटर पाणी आणि ४ अब्ज टन मीठ आत शिरलं. १८८० पासूनच्या नोंदींत हा तिसऱ्या क्रमांकाचा लोंढा. गोटलंडच्या खळग्यातला सल्फाइड त्याने हटवला, पण काही वर्षांत प्राणवायू पुन्हा संपला. याचा फटका कॉड माशाला बसतो. त्याची अंडी तरंगायला किलोमागे साधारण ११ ग्रॅम क्षार लागतात. वरच्या पाण्यात ती बुडतात आणि खाली गुदमरतात.

हेच थर पाणबुड्यांच्याही कामी येतात. ध्वनीचा वेग तापमान आणि क्षारता वाढली की वाढतो, आणि ध्वनिलहरी कमी वेगाच्या थराकडे वळतात. उन्हाळ्यात वर उबदार पाणी, मधे मागच्या हिवाळ्याचा गार थर, खाली खारट व किंचित उबदार पाणी. त्या गार थरात आवाज अडकतो आणि दूरवर जातो. थराबाहेरची पाणबुडी ध्वनीने शोध घेणाऱ्या ‘सोनार’ यंत्रणेला सहज सापडत नाही. ऑक्टोबर १९८१ मध्ये स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नौदल तळाजवळ सोव्हिएत पाणबुडी सापडली, तीसुद्धा खडकावर रुतली म्हणून. (याच समुद्राच्या तळाशी ‘उडती तबकडी’ सापडल्याचे व्हिडिओ २०११ पासून फिरतात. तिथून आणलेले दगड भूशास्त्रज्ञांनी तपासले, तर ते बहुतेक ग्रॅनाइट, नाइस आणि वालुकाश्म. हिमनद्या असले दगड इथे सर्वत्र टाकून गेल्या आहेत. कृपया ते व्हिडिओ पुढे पाठवू नका.)

‘नाटोचं तळं’ हे बिरुद कायद्यातही बसत नाही. चार शतकं डेन्मार्क या सामुद्रधुन्यांतून जाणाऱ्या जहाजांकडून कर घेत होता. १८५७ च्या कोपनहेगन तहाने तो संपला आणि व्यापारी जहाजांना वाट मोकळी झाली. खोली मात्र कोणत्याही तहाने वाढत नाही. ग्रेट बेल्ट या डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या मुख्य मार्गाची खोली सुमारे १७ मीटर. त्यामुळे २० लाख बॅरल वाहणारा महाकाय टँकर इथून पूर्ण भरून बाहेर पडू शकत नाही. प्रिमोर्स्क आणि उस्त-लुगा या रशियन बंदरांतून तेल निघतं ते प्रामुख्याने लाखभर टनांच्या जहाजांतून. २०२२ नंतर भारतीय रिफायनऱ्यांनी घेतलेल्या रशियन तेलाचा मोठा वाटा असाच आला.