एकच ड्रॉइंग, तीन कारखाने: जुन्या विलीज जीपच्या सुट्या भागांची पार्श्वभूमी

जुनी विलीज जीप खोलायला घेतली की पहिला धडा डाव्या बाजूचं चाक देतं. नट नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलं तर तो आणखी आवळतो, आणि पान्याला पाइप लावून जोर केला तर स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आटेदार खुंट, तुटून हातात येतो. डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. पुण्याच्या नाना पेठेत तसा स्टड मागितला तेव्हा काउंटरमागच्या वयस्कर गृहस्थांनी गाडीचं मॉडेल विचारलं नाही, सालही विचारलं नाही. "डाव्या आट्याचा की उजव्या?" एवढंच विचारून ते माळ्यावर चढले आणि तेलकट कागदात गुंडाळलेली जोडी घेऊन खाली आले.

अमेरिकेत ऐंशी वर्षांपूर्वी तयार झालेल्या गाडीचा स्टड नाना पेठेच्या माळ्यावर का असावा? जुन्या परदेशी गाड्यांचे बहुतेक मालक एकेका रबरी सीलसाठी महिनोन् महिने थांबतात. जीपवाल्याचं तसं होत नाही, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

सुरुवात १९४० मध्ये होते. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरात दिला, पण मोठं कंत्राट १९४१ मध्ये विलीज-ओव्हरलँडला मिळालं. एका कारखान्याचं उत्पादन पुरेना, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डलाही काम दिलं गेलं, आणि अट अशी घातली की फोर्डने गाडी विलीजच्याच ड्रॉइंगवरून बनवायची, एकीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसला पाहिजे. माझ्या मते या गाडीच्या दीर्घायुष्याचं मूळ त्या अटीत आहे. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू मिळून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. सैन्याने प्रत्येक बोल्ट-वायसरला नंबर देऊन जी-५०३ नावाची यादी केली. आजही जगभरचे जीपवाले ती यादी उघडूनच भाग शोधतात. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावर 'एफ' अक्षर उठवलं होतं. तसा एखादा बोल्ट आपल्या गाडीत सापडला की पुढचा सगळा दिवस बरा जातो!

या गाड्या भारतात आल्या त्या ब्रह्मदेश-चीनच्या आघाडीमुळे. आसामातल्या लेडोपासून पुढे रस्ता काढला गेला, बंगालमध्ये पानागढला अमेरिकी सैन्याचा मोठा तळ होता. युद्ध संपल्यावर एवढा माल परत नेणं परवडणारं नव्हतं. अमेरिकेशी झालेल्या १९४६ च्या करारानंतर उरलेला साठा इथेच राहिला आणि सरकारी विक्रीतून लोकांच्या हाती गेला. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द आपल्याकडे तेव्हा रुजला. ठेकेदार, बागायतदार, जंगलातली कामं घेणारे असे सगळे ती घेऊ लागले. सुट्या भागांचं दुकान असं काही नव्हतंच. ज्याला परवडे तो दोन जीप घ्यायचा, एक चालवायला आणि एक खोलून वापरायला. हा साठा फार वर्षं पुरणारा नव्हता. वाहनांच्या भंगारासाठी पानागढचं नाव मात्र पुढे कित्येक वर्षं टिकलं.

खरी कलाटणी मुंबईत मिळाली. १९४५ मध्ये के. सी. महिंद्र, जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. के. सी. युद्धाच्या काळात सरकारी खरेदीच्या कामासाठी अमेरिकेत होते, तिथे विलीजचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांच्याशी त्यांची ओळख झाली. १९४७ पासून सुट्या भागांच्या पेट्यांतून जीप मुंबई बंदरात येऊ लागल्या आणि माझगावला जोडल्या जाऊ लागल्या.

तरी त्या आयात केलेल्या पेट्याच होत्या. भाग इथे बनायला लागले ते सरकारी धोरणामुळे. परकीय चलन तुटपुंजं होतं आणि आयातीला परवाना लागत असे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना यापुढे जागा नाही. टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याची योजना ज्याच्याकडे असेल त्यानेच राहावं. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीत चालवलेला जोडणी कारखाना १९५४ मध्ये बंद केला. महिंद्रने विलीजशी करार करून भाग बनवायला सुरुवात केली. परवाना राजला शिव्या देणाऱ्यांत मीही आहे, पण या एका बाबतीत त्याचे उपकार मानावे लागतात. परवान्याचं दार बंद होतं म्हणूनच गिअर, पाटे, बूश, क्रॉस, ब्रेकची सिलिंडरं इथे बनू लागली, आणि मापं अमेरिकेतलीच राहिली.

महिंद्रने घेतलेलं मॉडेल सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची जीप. त्या उंचीचं कारण इंजिन. युद्धातल्या 'गो डेव्हिल' इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते, नव्या 'हरिकेन'मध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला. बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल, मात्र तेच, सव्वातीन इंचाला एक सूत कमी बोअर आणि साडेचार इंचाला एक सूत कमी स्ट्रोक. आपल्या गॅरेजमध्ये अजून सुताची भाषा चालते, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि जीपचे पाने मिलिमीटरला दाद देत नाहीत. अमेरिकेत ३बी १९६८ मध्ये थांबली. आपल्याकडे तिचे वंशज त्यानंतर काही दशकं बनत राहिले, आणि गाडी बनत राहते तोवर बाजार भाग करत राहतो. दिल्लीचं काश्मिरी गेट, पंजाबातली लहान कारखानदारी, हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचं मंडी डबवाली, मुंबईत कुर्ल्याचं भंगार, पुण्याचा बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, अशी सगळी साखळी त्यावर उभी राहिली. टायरचा प्रश्न तर शेतकऱ्याने सोडवला. जीपचं ६.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही चालतं, त्यामुळे ते तालुक्याच्या गावीही मिळतं.

अडचण येते ती 'जवळपास तेच' असलेल्या भागांत. युद्धातल्या जीपचा गिअरबॉक्स टी-८४, नंतरच्या जीपचा टी-९०. आधीची वायरिंग सहा व्होल्टची, नंतरची बाराची. आणि सगळ्यांत फसवं प्रकरण डिफरन्शियलचं, म्हणजे धुऱ्याच्या मध्ये चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचं. माझ्याकडे आलेली गाडी चारही चाकं जोडून डांबरी रस्त्यावर चालवली की थोड्याच अंतरात आखडायची, लिव्हर काढता निघायचा नाही. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी 'गिअर नवे आहेत, बसतील' असं सांगितलं होतं. शेवटी मागचं आणि पुढचं, दोन्ही हाउसिंग उघडून आम्ही क्राउनवर, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकावर, खडूने खूण केली आणि दात मोजले. मागे ४३, पुढे ३९. क्राउनला फिरवणारा छोटा पिनियन दोन्हीकडे ८ दातांचा. पुढचा मूळ युद्धातला, ४.८८ च्या गुणोत्तराचा, मागचा अख्खा धुरा कुणीतरी नंतरच्या जीपचा आणून बसवलेला, ५.३८ चा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, बोल्टही त्याच जागी बसतात. पुढची चाकं एक सांगतात, मागची दुसरं, आणि सगळा भार पुढच्या-मागच्या धुऱ्यांना जोर वाटणाऱ्या मधल्या ट्रान्स्फर केसवर येतो.

जे भाग इथे बनलेच नाहीत त्यांचं काय होतं, हे बघायचं तर दार्जिलिंगजवळ मानेभंजनला जावं. संदकफूच्या चढावर तिथे १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश लँड रोव्हर धावत आल्या आहेत. त्यांचं उत्पादन भारतात झालं नाही, म्हणून भाग एक तर इंग्लंडमधून यायचे किंवा इथल्या हाताने घडायचे. त्यांतल्या कित्येकांच्या बॉनेटखाली आज महिंद्रचं डिझेल इंजिन आहे. निसानच्या 'पॅट्रोल' या गाडीवरून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या जोंगाची कथा वेगळी. ती इथेच बनली, पण सैन्यासाठी. उत्पादन १९९९ मध्ये थांबलं आणि गावोगावच्या काउंटरवर तिचा माल कधी पोहोचलाच नाही. फ्रान्समध्ये हॉचकिसने आणि जपानमध्ये मित्सुबिशीने जीपचा परवाना घेतला होता, तिथल्या जीपवाल्यांनाही त्याचा आधार झाला.

डिझेलचा मोह जीपलाही सुटला नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा हजारो जीपची मूळ इंजिनं उतरली आणि ट्रॅक्टरचं किंवा मिळेल ते डिझेल चढलं. काढलेली इंजिनं किलोच्या भावाने गेली. त्या काळी गाडीने पोट भरायचं होतं, त्यामुळे त्या मालकांना दोष द्यावासा वाटत नाही. पण २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि अट ही की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. तेव्हापासून शोध उलट दिशेने सुरू झाला आहे. बाराच्या जागी सहा व्होल्टचा स्टार्टर, टी-९० च्या जागी टी-८४, महिंद्रच्या सात फटींच्या जाळीऐवजी युद्धातली नऊ फटींची.

गेल्या पावसाळ्यात नगर रस्त्यावरच्या एका बंद गॅरेजमागे ताडपत्रीखाली एक ब्लॉक दिसला. घासलेटने मळी पुसली, तारेचा ब्रश मारला, तेल-फिल्टरमागच्या उंचवट्यावर अक्षरं उमटली, जीपीडब्ल्यू आणि पुढे आकडा. माझी चॅसी विलीजची, हे इंजिन फोर्डचं. टेम्पोत चढवून आणलं. माउंटिंगचे चारही बोल्ट हाताने फिरवत आत गेले.