न विरघळणाऱ्या मिश्रणांची परीक्षा आणि दहा दिवसांची वादग्रस्त अट

जैवविघटनाच्या, म्हणजे जिवाणूंनी पदार्थ मोडून टाकण्याच्या, नियमांची सुरुवात फेसामुळे झाली. पश्चिम जर्मनीतल्या नद्यांवर डिटर्जंटचा फेस साचू लागला, १९६१ मध्ये कायदा झाला आणि १९६४ पासून तो लागू झाला. डिटर्जंट पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याचं मोजमाप तुलनेने सोपं. तेलाचं तसं नाही. ते तरंगतं, बाटलीच्या काचेला चिकटतं. पाणी गाळून उरलेला कार्बन मोजला, तर तेल गाळणीवरच अडकलेलं असतं आणि अहवालात मात्र ‘विघटन झालं’ अशी नोंद होते! म्हणून १९८१ च्या आणि पुढे १९९२ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतींपैकी तेलासाठी उपयोगी ठरल्या त्या जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन किंवा सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या. नमुना सिलिका जेलवर शोषून किंवा अल्ट्रासाउंडने बारीक थेंब करून बाटलीत घालायची रीतही रुळली. थेंब किती बारीक, यावर निकालाचा वेग ठरतो, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

खरा घोळ दहा दिवसांच्या अटीचा. ‘सहज विघटनशील’ ठरायला २८ दिवसांत ६० टक्के विघटन पुरेसं नाही. १० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्यापासून दहा दिवसांत ६० टक्के गाठायला हवं. ही अट एकाच रसायनासाठी ठीक आहे. डिझेलसारख्या मिश्रणात जिवाणू आधी सरळ साखळीची हायड्रोकार्बन फस्त करतात, फांद्यांची आणि वलयांची मागे राहतात. म्हणजे पहिले १० टक्के सोप्या घटकांचे असतात, आणि अवघड घटकांना हात लागण्याआधीच घड्याळ सुरू होतं. म्हणून रचनेने एकसारख्या घटकांच्या मिश्रणांना या अटीतून सूट मिळाली. ती रास्तच होती. पण ‘एकसारखे’ म्हणजे किती? सरळ साखळीचं हायड्रोकार्बन, म्हणजे अल्केन, आणि तीन वलयांचं फेनॅन्थ्रीन एकाच पिंपात असतात, म्हणून त्यांना सारखं म्हणायचं? उद्योगाने या सवलतीचा अर्थ सैल लावला, असं माझं मत. शिवाय ६० टक्के ही सरासरी. उरलेल्या ४० टक्क्यांत नेमकं काय आहे, ते हा आकडा सांगत नाही.

२००७ च्या युरोपीय रसायन कायद्याने ‘अनिश्चित घटकांचे पदार्थ’, म्हणजे तेलासारखी नेमकी रचना ठरलेली नसलेली मिश्रणं, नोंदणीत आणले, तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. तेलाचे कार्बनसंख्या आणि रचना यांनुसार गट पाडून प्रत्येकाचं अर्धायुष्य (निम्मा भाग नाहीसा व्हायला लागणारा काळ) वेगळं काढण्याची कल्पना त्याआधीच, १९९० च्या दशकात मांडली गेली होती. तिला आता महत्त्व आलं. गोड्या पाण्यात अर्धायुष्य ४० दिवसांहून जास्त असेल तर घटक चिवट, ६० हून जास्त तर अतिचिवट. ०.१ टक्का वा त्याहून जास्त प्रमाणातला घटकही तपासायचा. २८ दिवसांची परीक्षा एकगठ्ठा पास झालेल्या मिश्रणातला एखादा घटक या चाळणीत अडकू शकतो.