ज्यू बालवाडीतली सणांची हस्तकला

ज्यू बालवाडीला हिब्रूत 'गन' म्हणतात, पूर्ण नाव 'गन येलादीम', म्हणजे मुलांची बाग. कोकणात वाडी म्हणजे बागच, त्यामुळे आपला बालवाडी हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. साधारण अडीच ते पाच-सहा वर्षांची मुलं असतात, बाईंना इस्राएलमध्ये 'गनेनेत' म्हणतात आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'मोरा'. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये खेळातून शिकवणारी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं, ती कल्पना युरोपभर पसरली, ज्यू शिक्षकांनीही उचलली आणि १८९८ मध्ये रिशोन लेझिऑन इथे पहिली हिब्रू बालवाडी सुरू झाली. या वर्गांचं वर्ष सणांवर बांधलेलं असतं, म्हणजे एक सण संपतोय तोवर टेबलावर पुढच्याचे कागद आलेले असतात. आणि यातली खरी गंमत ही की मूल जे बनवतं ते घरी जातं आणि सणाला खरोखर वापरलं जातं, तीन वर्षांच्या पोराने शिवलेल्या वाकड्यातिकड्या पिशवीलासुद्धा सणाच्या टेबलावर मान असतो.

याला एक डेडलाइन असते आणि ती कोणी मोडू शकत नाही. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि धर्मशास्त्राने त्या दिवशी ३९ प्रकारची कामं मना केली आहेत, त्यात रंगवणं, लिहिणं, मापात कापणं, शिवणं, गाठ मारणं, विस्तव पेटवणं हे सगळं येतं, म्हणजे बालवाडीतलं जवळपास सगळं क्राफ्टच आलं. रोश हशाना (नवीन वर्ष), पेसाख (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण) अशा मोठ्या सणांच्या मुख्य दिवसांनाही यातलं बरंचसं लागू होतं. म्हणून पाळणाऱ्या घरातल्या मुलासाठी सणाची तयारी आणि सण यांच्यात स्पष्ट रेघ असते, हात आधी चालतात आणि मग थांबतात. शुक्रवारी सकाळी मुलं कणकेच्या तीन पेडांची वेणी घालून 'खाला' हा शब्बाथचा पाव वळतात, तो भाजला जात असताना सगळ्या वर्गात वास भरतो आणि दुपारी प्रत्येक जण आपला छोटा पाव घेऊन घरी जातो. हे दर आठवड्याला होतं, त्यामुळे जूनमध्ये शाळेचं वर्ष संपेपर्यंत वेणी बरीच सरळ पडायला लागते.

सप्टेंबरच्या सुमारास शाळा सुरू झाल्या झाल्याच सणांची गर्दी उडते. रोश हशानाला मेंढ्याच्या शिंगाचा शोफार मुलांच्या हातात देतात, ती तो हुंगतात, वास उग्र असतो, फुंकून बघतात, आवाज निघत नाही, आणि मग कागदाचा शोफार करायला बसतात. सफरचंद आडवं कापलं की आत चांदणी दिसते, तिचे रंगात बुडवून ठसे काढतात (ती पाच टोकांची असते, ज्यूंची खूण असलेल्या दाविदाच्या ताऱ्याला सहा लागतात, हे पोरं स्वतःच मोजून सांगतात). सुक्कोथला, म्हणजे मांडवांच्या सणाला, रंगीत कागदाच्या साखळ्या, मांडवाला लावायला. मांडवाचं छप्पर झाडपाल्याचं हवं आणि त्यातून रात्री तारे दिसावेत अशी रीत आहे, म्हणून ठोकळ्यांचा मांडव करतानाही बाई विचारतात, वरून आकाश दिसतंय का?

हनुक्काला हिवाळ्यात आठ रात्री दिवे लावतात, देवळातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं या चमत्काराची आठवण म्हणून. अमेरिकेत डिसेंबरमधल्या नाताळच्या शेजारामुळे तो मुळापेक्षा बराच मोठा झालाय आणि बालवाडीतला सगळ्यात जास्त रंग-गोंद बहुधा इथेच खर्च होतो. दिव्यांच्या स्टँडसाठी लाकडाच्या फळीवर किंवा लादीच्या तुकड्यावर हार्डवेअरच्या दुकानातले नट चिकटवतात, प्रत्येक नटात एक मेणबत्ती. पण नियम पाळायचा असतो, आठ दिवे एका ओळीत आणि एका उंचीवर हवेत आणि नववा, ज्याने बाकीचे पेटवायचे तो 'शमाश', वेगळा किंवा उंच दिसला पाहिजे. ज्योत अंधार पडल्यावर किमान अर्धा तास टिकायला हवी, म्हणून वाढदिवसाच्या मेणबत्त्या इथे चालत नाहीत. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन असं करत शमाश धरून ४४ मेणबत्त्या लागतात, आणि चार वर्षांचं मूल जमिनीवर ४४ मेणबत्त्या मांडून मोजतं तेव्हा बेरीज शिकवायला वेगळा तास लागत नाही. 'ड्रेडल' ही चार बाजूंची भिंगरी मातीची किंवा पुठ्ठ्याची करतात, तिच्यावरची अक्षरं म्हणजे 'तिथे मोठा चमत्कार झाला' या वाक्याची आद्याक्षरं, इस्राएलमध्ये एक अक्षर बदलतं कारण तिथली मुलं 'इथे' म्हणतात. चाबाद या ज्यू धार्मिक पंथाचे लोक काही ठिकाणी ऑलिव्ह दाबायचा छोटा घाणा घेऊन येतात आणि मुलांच्या समोर तेल काढून दाखवतात.

पुरिमला मुखवटे आणि खुळखुळे. दोन पेपर प्लेटमध्ये राजमा भरून कडा चिकटवल्या की झालं, ज्यूंना वाचवणाऱ्या एस्तेर राणीची गोष्ट वाचताना त्यांच्या जिवावर उठलेल्या हामानाचं नाव आलं की सगळ्यांनी वाजवायचं.

मला सगळ्यात आवडतं ते पार्स्लीचं, म्हणजे कोथिंबिरीसारख्या पाल्याचं. तू बिश्वात, म्हणजे शेवात महिन्याची १५ तारीख, झाडांचं नवीन वर्ष. त्या दिवशी अमेरिकेतल्या अनेक बालवाड्यांत मुलं कागदी कपात पार्स्लीचं बी पेरतात आणि दोन महिन्यांनी, निसान महिन्याच्या १५ तारखेला, पेसाखच्या जेवणात मिठाच्या पाण्यात बुडवायला तीच पार्स्ली घरी जाते. ज्या वर्षी अधिक महिना येतो (हो, त्यांच्याकडेही आपल्यासारखाच असतो, १९ वर्षांत ७ वेळा) त्या वर्षी मधे तीन महिने जातात, तेव्हा जरा उशिरा पेरलेलं बरं. रोज पाणी घालायचं, वाट बघायची, कोणाचं उगवत नाही तर त्याला शेजाऱ्याने आपल्यातलं द्यायचं, एक सण दुसऱ्याला कसा जोडलेला आहे हे पाच वर्षांच्या मुलाला याहून चांगलं कसं सांगणार.

पेसाखच्या आधी मात्र वर्गच उलथापालथा होतो. त्या दिवसांत घरात खमीर, म्हणजे पाणी लागून आंबलेलं गव्हाचं काहीही, चालत नाही, म्हणून मॅकरोनीच्या माळा आवरायच्या, खेळायची पीठ-माती पण गव्हाची असते म्हणून तीही गेली. मुलांना मत्झा, म्हणजे बिनखमिराची रोटी, स्वतः लाटायला देतात, पिठात पाणी पडल्यापासून भट्टीतून बाहेर यायला १८ मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये, घड्याळ लावून लाटायचं, काट्याने टोचायचं, धावत भट्टीकडे. शिवाय 'अफिकोमान' ची पिशवी शिवतात, जेवणात लपवायच्या मत्झ्याच्या तुकड्यासाठी. आणि पेसाखच्या जेवणाच्या रात्री, ही रात्र वेगळी का, असे चार प्रश्न घरातल्या सगळ्यात लहान मुलाने विचारायचे असतात, ते वर्गात आठवडे-आठवडे गाऊन पाठ होतात. तो विधीच मुलाने विचारावं म्हणून रचलेला आहे.

हे काही मॉडर्न खूळ नाही. मध्ययुगात जर्मनीतले ज्यू लोक मुलाला पहिल्यांदा गुरुजींकडे नेत तेव्हा पाटीवरच्या अक्षरांना मध लावून चाटायला देत, वर्म्सच्या एलाझार या पंडिताने ते लिहून ठेवलंय.

सगळ्या बालवाड्या हे नीट करतात असंही नाही. बाईंनी कापून ठेवलेल्या वीस सारख्या भिंगऱ्या आणि मुलाने फक्त डोळे चिकटवायचे, असं क्राफ्ट खूप चालतं, आईबापांना फोटोत छान दिसतं म्हणून. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या पद्धतीचा प्रभाव असलेल्या ज्यू बालवाड्यांत उलट तार, माती, बिया, कापड समोर ठेवतात आणि विचारतात, उजेड कसा दाखवशील? माझं मत सरळ आहे, मुलाचं वाकडं चालेल, बाईंचं सरळ नको.

महाराष्ट्राशी याचं नातं बेने इस्राएल या मराठी ज्यू लोकांमुळे आहे, रायगडच्या किनाऱ्यावर एकेकाळी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे ते शनवार तेली. त्यांच्याकडे पुरिमला होळीचा सण म्हणायचे, योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, दारफळणीचा (दारं बंद करण्याचा) सण. तू बिश्वातला ते अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या जागी जातात आणि पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं यांचा मलिदा करतात. आणि पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या पेसाखच्या मराठी हगादामध्ये (त्या जेवणात वाचायच्या पोथीत) एक चित्र आहे, त्यात मत्झा बनवणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत.