बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) गिअरला तेल लागत नाही?
‘बिडात ग्रॅफाइट असतं, म्हणून बिडाच्या गिअरला तेल नसलं तरी चालतं’ हे वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. त्याला थोडा आधार आहेच. करड्या बिडात साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. लेथवर बीड कोरडंच कापतात आणि हात काळेकुट्ट होतात, ते त्यामुळेच.

पण तेल कमी पडलं तर हे ग्रॅफाइट दात लगेच एकमेकांना धरू, म्हणजे घासून चिकटू देत नाही, एवढंच. दातांमध्ये थर राखणं, उष्णता वाहून नेणं हे काम तेलाचंच.

तपासायचंय? मेन स्विच बंद करा, दात पुसा, टॉर्च तिरका धरा. मुळाकडून टोकाकडे ओरखडे दिसले, तर तेलाकडे आधी बघा. दाताच्या मधल्या पट्ट्यातले बारीक खड्डे मात्र धातूच्या थकव्याचे, म्हणजे वारंवार भार पडून आलेले; तिथे भारही तपासायला हवा.