बारावीनंतर आर्ट्स घेताय? रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी ॲडमिशन आणि कागदपत्रांचं हे बघून घ्या

बारावीचा निकाल आता मे महिन्यातच लागायला लागलाय (२०२५ ला तर ५ मे ला आला, कोकण बोर्ड नेहमीसारखं राज्यात पहिलं, ९६.७४ टक्के) आणि मग सगळी जनता एकदम सेतूवर धावते. घरातली मोठी माणसं तेव्हा आंब्याच्या गडबडीत, तलाठी भाऊसाहेब तीन गावांत फिरतायत आणि इकडे कॉलेजची मुदत चालू झालेली. म्हणून पहिलंच सांगतो, दाखले बारावी चालू असतानाच, दिवाळीच्या सुट्टीत काढायला टाका, निकालाशी त्यांचा काही संबंध नसतो.

बीएची पात्रता सोपी आहे. कुठल्याही शाखेची बारावी पास चालते, सायन्स सोडून आर्ट्सला आलेली पोरं प्रत्येक कॉलेजात असतात, त्यात लाजण्यासारखं काय नाय. बांदा-दोडामार्गकडची जी मुलं गोव्यात बारावी करतात त्यांना मात्र गोवा बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि विद्यापीठाची एलिजिबिलिटी ही दोन कामं जास्तीची.

आता प्रक्रिया. आपले तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठात येतात. आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्री-ॲडमिशन नोंदणी करायची, मग ज्या ज्या कॉलेजात जायची इच्छा आहे तिथला वेगळा फॉर्म भरायचा. नुसती नोंदणी करून पोरं निवांत बसतात आणि मेरिट लिस्टला नाव शोधतात, तसं नसतं. लिस्टमध्ये नाव लागलं की दिलेल्या तारखेच्या आत मूळ कागद दाखवून फी भरायची, तारीख गेली की जागा पुढच्याला जाते. स्वायत्त कॉलेज असेल तर त्याचं वेळापत्रक आणि विषय वेगळे असू शकतात, तिथे ऑफिसात जाऊन नोटीस बोर्ड बघितलेला बरा.

सगळ्यांनाच लागतं ते म्हणजे दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि एबीसी आयडी, जो डिजिलॉकरवरून निघतो. एबीसी म्हणजे तुमचे कॉलेजातले क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं. इथे नावाची भानगड होते. दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं, आईचं नाव एकीकडे माहेरचं, असं असेल तर आयडीच नीट बनत नाही. आधार आधी दुरुस्त करून घ्या. अकरावी-बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

आरक्षणवाल्यांचं जरा सविस्तर सांगावं लागेल. जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हंजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यूची नोंद. कोतवाल बुकात (गावची जुनी जन्म-मृत्यूची वही) ही नोंद सापडते, शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उताराही चालतो. चाकरमान्यांनी हे नीट वाचा: मुलगा नालासोपाऱ्यात जन्मला, तिथेच शिकला, तरी कुटुंब त्या तारखेला संगमेश्वर तालुक्यात राहत होतं तर दाखला तिकडच्याच प्रांताकडून निघणार. गणपतीला गावी येता तेव्हा आरत्या झाल्या की एक दिवस शाळेत आणि ग्रामपंचायतीत घालवा, जुने कागद शोधायला तेवढा वेळ लागतोच.

ओबीसी वगैरेंना जातीच्या दाखल्यासोबत नॉन क्रिमी लेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) लागतं, त्याची मर्यादा वर्षाला ८ लाख, पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे केंद्राच्या १९९३ च्या निकषांत आंब्याची बाग शेतजमीनच धरलीय. त्यामुळे बाग मोठी आहे म्हणजे आपल्याला मिळणारच नाही असं घरबसल्या ठरवू नका, जमिनीच्या मर्यादेचे निकष वेगळे आहेत ते बघून घ्या. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र शेतीचं उत्पन्न येतंच. हे दोन दाखले एकच समजून लोक भांडत बसतात. आणि नॉन क्रिमी लेयर ३१ मार्चला संपतं, म्हणून दिवाळीत किंवा फेब्रुवारीत काढलेल्या दाखल्यावरची तारीख आधी वाचा.

जात पडताळणी बीएला सहसा मागत नाहीत, पण पुढे बीएड किंवा लॉ करायचं असेल तर तिथल्या कॅप राउंडला (राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीला) लागते. तीन वर्षं हातात असतात, दुसऱ्या वर्षाला अर्ज टाकून मोकळं व्हायचं.

स्कॉलरशिपसाठी महाडीबीटी हे राज्य सरकारचं पोर्टल, अर्ज दरवर्षी नव्याने रिन्यू करायचा. ओपनवाल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, उत्पन्न ८ लाखांपर्यंत. बँक खातं आधारला लिंक नसेल तर पैसे अडकतात. आणि २०२४ ला मुलींच्या फी माफीचा जो निर्णय झाला तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी होता, 'आता सगळं फुकट' असं समजून बीएच्या फीची तयारी न करता येऊ नका.

विषय निवडताना पोरं मैत्रिणीने काय घेतलं ते बघतात, हे मला अजिबात पटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह असं असतं, शिवाय ऑन जॉब ट्रेनिंगपण आहे. आधी पुढची परीक्षा बघा मग मेजर ठरवा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन, लेखी १७५० गुण आणि मुलाखत २७५. म्हंजे इतिहास किंवा राज्यशास्त्र मेजर घेऊन तीन वर्षं जो रोज उत्तरं लिहितोय त्याचा अभ्यास दोन्हीकडे कामाला येतो. वय खुल्या वर्गाला १९ ते ३८. हायस्कूलला शिकवायचं तर बीएड सीईटी (प्रवेश परीक्षा), पदवीला खुल्या वर्गाला ५० टक्के पाहिजेत, राखीवला ४५, आणि मेजर शाळेत शिकवला जाणारा विषय असलेला बरा. तीन वर्षांच्या लॉला खुल्या वर्गाला ४५ टक्के. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएला ५५ टक्के आणि मग सेट किंवा नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा.

इतिहासवाल्यांना आपल्याकडे अजून एक वाट आहे. खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाच किल्ले २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेले, बारसू, उक्षी, कशेळीची कातळशिल्पं २०२२ पासून संभाव्य यादीत आहेत. ऑन जॉब ट्रेनिंग इथे करता येईल का ते विभागप्रमुखांना विचारा, कुठल्यातरी दुकानात सही घेऊन तास भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. संस्कृतवाल्यांसाठी रत्नागिरीतच कालिदास विद्यापीठाचं पां. वा. काणे उपकेंद्र आहे. नोकरी करून शिकणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ (जुनं आयडॉल) किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ.

तिसऱ्या वर्षाला असतानाच राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बीएड सीईटी दोन्हीचे फॉर्म भरता येतात, निकालाची वाट बघायची गरज नाही. आणि पोर्टलवर दिलेला मोबाईल नंबर शिक्षण होईपर्यंत चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येतात, सायबरवाल्याचा नंबर टाकून मोकळं होऊ नका.